दुसरं काडतूस वर येईना

घरात काही वस्तू आपण साठवत नाही, त्या आपोआप साठतात. सुतळीचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, झाकण हरवलेले डबे. आमच्या घरात त्यांच्या जोडीला बंदुकीच्या गोष्टी साठल्या. मी सोमवार-शनिवार पाळणारी, पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारी बाई. आणि माझ्या नशिबी घर आलं ते बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं!

भोर संस्थान होतं तेव्हाच्या ह्या गोष्टी. मागच्या आळीला आमच्या ह्यांचं छोटंसं दुकान होतं. हे लोखंडाचं काम बघत. भागीदार इमामभाई लाकडाचं आणि स्प्रिंगांचं बघत. दुकान आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत म्हणजे नुसत्या उभ्या फळ्या. तिकडे कानस चालली की इकडे डब्यातली मोहरी थरथरायची. तिकडचा शब्द न् शब्द इकडे ऐकू यायचा, आणि इकडचा तिकडे. यातलं दुसरं मी नेहमी विसरायचे.

परवा चौघीजणी वाती वळत बसलो होतो, तेव्हा त्यातली एक गोष्ट सांगितली. मग दुसरी सांगावी लागली. आता हात भरून आला तरी गोष्टी सरेनात, म्हणून लिहूनच काढते. सगळ्या एकाच बंदुकीच्या आहेत.

* * *

बंदूक होती दाजीबा पाटलांची. त्यांचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. भाटघरच्या धरणाचं काम आटोपून एक इंजिनियर साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं सामान विकायला काढलं. कुणी खुर्च्या घेतल्या. कुणी त्याचा अंघोळीचा टब नेऊन गोठ्यात ठेवला. पाटलांकडे संस्थानचा परवाना होता, त्यांनी बंदूक घेतली.

तशी बंदूक भोरात कुणी पाहिली नव्हती. आमच्याकडे यायच्या त्या ठासणीच्या, नाहीतर दोननळी. हिच्या नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात पाच काडतुसं एकामागं एक भरायची. पुढचा लाकडी दस्ता मागे ओढला की उडालेलं काडतूस बाहेर पडणार, पुढे ढकलला की पोटातलं दुसरं वर येऊन बसणार. सगळे तिला पंपाची बंदूक म्हणत.

पाटील तक्रार घेऊन आले. एक बार उडतो, दुसरं काडतूस वर येत नाही.

ह्यांनी दारू काढलेली पोकळ काडतुसं भरली आणि पाचही सटासट काढून दाखवली. पाटलांनी ओढलं की मात्र दुसरंच अडकायचं. असं तीनदा झालं. शेवटी ह्यांनी पाटलांचा हातच धरून पाहिला, तर पाटील दस्ता अर्ध्यावर आणून हळूच पुढे नेत होते. सायबाची वस्तू, वढली तर मोडंल, अशी त्यांना भीती.

पाटलीणबाई बाजाराला म्हणून बरोबर आल्या होत्या. माझ्याजवळ बसून फळ्यांआडून सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट दुकानात गेल्या. पुरुषमाणसांदेखत! मी तर तोंडावर हात घेतला.

"ताक घुसळताना मधीच थांबतंय व्हय कुणी?" असं म्हणून त्यांनी बंदूक उचलली आणि दस्ता पार शेवटपर्यंत ओढला. पोकळ काडतूस उडून पाटलांच्या पागोट्यावर आदळलं. दुसरं निमूटपणे वर आलं.

इमामभाई अदबीनं म्हणाले, "पाटील, परवाना वहिनीसाहेबांच्या नावावर करून घ्या."

* * *

त्या काळची काडतुसं पुठ्ठ्याची. आमच्या भोरच्या पावसात मीठसुद्धा बरणीत उभं राहत नाही, तिथं पुठ्ठा काय टिकणार? काडतूस दमट झालं की फुगतं. फुगलं की नळीत सरकत नाही. पाटलांनी अशी फुगलेली नऊ काडतुसं दुरुस्तीला पाठवली.

दिवस आषाढी एकादशीचा. चुलीवर वऱ्याचे तांदूळ रटरटत होते. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, मी परडी टांगलेली असायची. तिच्यात साबुदाण्याच्या पापड्या होत्या. चार तळाव्यात म्हणून परडी उतरवली, हात घातला.

हाताला लागलं ते गुळगुळीत आणि कोमट.

लाल लाल नळकांडी, बुडाला पितळ. ओळीनं नऊ! खाली जाळ, वर मी, मध्ये ती. परडी ठेवता येईना आणि धरवेना. तशीच फळ्यांकडे तोंड करून मी कशीबशी "अहो" म्हटलं.

पलीकडून ह्यांचा शांत आवाज आला. "हलवू नकोस. एक बाजू वाळली आहे, दुसरी व्हायची आहे."

त्या वर्षीची एकादशी मला निर्जळी घडली.

त्यानंतर मात्र इमामभाईंनी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून काडतुसं पत्र्याच्या डब्यात राहू लागली. ओल धरू नये म्हणून मी भाजक्या तांदळाची पुरचुंडी करून दिली, ती त्या डब्यात असायची. पाटलांनाही एक करून दिली. ही पुरचुंडी लक्षात ठेवा, पुढं माझ्यावर आळ येणार आहे.

* * *

पुढच्या खेपेला पाटील म्हणाले, काडतूस वर येतं, पण मनात येईल तेव्हा येतं. दस्ता ओढावा, ढकलावा, दहा अंक मोजावेत, मग आतून खट्ट!

ह्यांनी खालची पट्टी काढली. काडतूस उचलून वर देते ती ही पट्टी. ती बाहेर आली ती शेंदरी. बोटाला चिकटेल असा दाट, केशरी थर. ह्यांनी वास घेतला आणि पाटलांकडे पाहिलं.

पाटलांनी खुशाल सांगितलं. साहेबानं रोज तेल द्यायला सांगितलं होतं. साधं तेल देण्यापेक्षा शनिवारी मारुतीच्या अंगावरून ओघळलेलं तेल वाटीत धरून आणायचे आणि तेच द्यायचे. बंदुकीला ताकद यावी हा हेतू.

माझे तर हात जोडले गेले. आता ते पुसायचं कसं? देवाचं तेल चिंधीला पुसायचं आणि चिंधी टाकायची कुठं? मी आतून तसं विचारलंही. ह्यांनी कपाळाला हात लावला.

इमामभाई पट्टीकडे बघत म्हणाले, "हिला आता काडतूस कशाला? नारळ फोडा हिच्यापुढं."

ती चिंधी मी ओढ्याकाठच्या रुईच्या मुळाशी पुरली. पाटलांना शिवणयंत्राच्या तेलाची कुपी मिळाली, आणि मारुतीचं तेल मारुतीलाच ठेवा, अशी माझी विनंतीही.

* * *

एका उन्हाळ्यात बंदूक तीन महिने खुंटीला होती. आणली तेव्हा आत एकही काडतूस जाईना. बोट घातलं तर काहीतरी टणक लागायचं. ह्यांना वाटलं, नळीला पोचा आला. इमामभाईंना वाटलं, स्प्रिंग तुटून आडवी पडली. दोघांची पैज लागली.

उघडून ठोकली, तर हरणारे दोघेही. मातीचा एक गोल, गुळगुळीत, सुरेख घडवलेला मडक्याएवढा... म्हणजे बाहुलीच्या मडक्याएवढा गोळा बाहेर आला. कुंभारीण माशीनं बंदुकीच्या पोटात घर बांधलं होतं! आत तिची पिल्लं.

पाटलांनी ते जोड्याखाली घ्यायला पाय उचलला. फळ्यांआडून मी एकच शब्द बोलले, "बाळंतघर आहे."

तो पाय तसाच मागे गेला. हत्यार घेऊन डोंगर फिरणारा तो माणूस ओंजळीत मातीचा गोळा धरून माझ्या तुळशीशी आला आणि म्हणाला, "हितं ठिवू का वैनी, का ऊन लागंल?"

* * *

आता मुख्य गोष्ट. पाटलांचा मुलगा किसन, त्याचं त्या वर्षी लग्न झालं होतं. सून कामथडीची, नाव हौसा. पाटलांची नजर अधू झाली होती, म्हणून परवान्यावर किसनचंही नाव चढलं होतं.

त्या वर्षी आषाढाच्या अखेरीस त्यांच्या गावात वाघरू उतरू लागलं. बिबळ्याला तिकडं वाघरूच म्हणतात. दिवेलागणीला गुरं परतायची वेळ झाली की ते गोठ्यांच्या मागं यायचं. दोन वासरं गेली, एका म्हातारीच्या पुढ्यातली शेळी गेली. मग किसन रोज संध्याकाळी गोठ्याच्या माळ्यावर बसू लागला. सगळ्या गावाची भिस्त त्या एका बंदुकीवर.

श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी पाटलांचा जुना गडी म्हादूनाना बंदूक घोंगड्यात गुंडाळून चालत आला. आदल्या दिवशी वाघरू आलं होतं. पहिला बार हुकला आणि दुसरं काडतूस वर आलंच नाही.

ह्यांनी उघडली. पट्टीखाली तांदळाचे चार दाणे.

"तुझी पुरचुंडी फाटली," हे फळ्यांकडे बघून म्हणाले. मी दिवसभर चूर. माझ्या हातच्या शिवणीपायी गावातलं वासरू गेलं असतं!

दुसऱ्या मंगळवारी म्हादूनाना पुन्हा आला. पुन्हा तेच, सोमवारी संध्याकाळी, दुसरंच काडतूस. तो म्हणाला, वाघरू पंधरा पावलांवर उभं राहिलं आणि किसनकडं बघून निघून गेलं.

ह्यांनी उघडली. आत तीळ. पांढरे स्वच्छ तीळ.

पुरचुंडीत तीळ नव्हते. माझ्यावरचा आळ गेला. हे म्हणाले, उंदीर असणार. इमामभाई दाणे तळहातावर घेऊन म्हणाले, "ह्या उंदराची संक्रांत श्रावणातच आली म्हणायची."

सगळे हसले. मीही हसले. आजही ते हसू आठवलं की मला कसंसं होतं.

* * *

तिसऱ्या मंगळवारी म्हादूनाना आला नाही. किसन स्वतः आला. धरणाच्या फुगवट्यातून होडीनं आणि पुढं गाडीनं, हौसाला बरोबर घेऊन. खांद्यापासून कोपरापर्यंत हात फाडलेला, लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला. दवाखान्यात टाके घालून दोघं आमच्याकडे आली.

त्यानं खाली मान घालून सांगितलं. काल संध्याकाळी पहिला बार वाघराला चाटून गेला. दस्ता ओढला, ढकलला, तो अर्ध्यात रुतला. जखमी जनावर सरळ माळ्यावर चढून आलं. त्यानं बंदुकीचाच दांडा त्याच्या तोंडात घातला. खालून माणसं ओरडत धावली, म्हणून ते पळालं. आता जखमी वाघरू गावाच्या अवतीभवती होतं, आणि ते परत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ह्यांनी बंदूक उघडली. या वेळी कुणी उंदराचं नाव काढलं नाही.

"मूग," इमामभाई हलक्या आवाजात म्हणाले.

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हौसा माझ्या शेजारी, गुडघ्यांत मान घालून. तांदूळ. तीळ. मूग. तिन्ही सोमवारी. माझा हात परातीतच राहिला. जे दोन कसबी माणसांना तीन खेपांत कळलं नाही, ते मला एका क्षणात कळलं, आणि कळल्याचाच धसका बसला. लग्नानंतर पाच वर्षं मीही तेच केलं होतं. श्रावणात पहिल्या सोमवारी महादेवाला तांदळाची मूठ, दुसऱ्या सोमवारी तिळाची, तिसऱ्या सोमवारी मुगाची. शिवामूठ!

मी हळूच विचारलं, "हौसा, शिवामूठ करतेस ना गं?"

तिनं मान हलवली. पहिलंच वर्ष होतं.

"कुणाला वाहतेस?"

ती जाळाकडे बघत सांगू लागली. महादेवाचं देऊळ ओढ्यापलीकडं. सगळा श्रावण ओढ्याला छातीभर पाणी. बंदूक देवघरात, दोन खुंट्यांवर, पोट वर करून ठेवलेली, म्हणजे पोटाशी असलेल्या तोंडातून काडतुसं झटकन भरता यावीत.

"दिवेलागनीला त्यांच्यासंगं कोन असतं मावशी? तीच असती. म्हनलं, महादेवा, तू हिच्यात ये आन त्यास्नी राख. आन तिच्या त्वांडाशी मूठ सोडली." तिचे डोळे मोठे झाले. "तिनं खाल्ली बी. तांदूळ घेतलं, तीळ घेतलं, मूग घेतलं."

आता हे तिला सांगायचं कसं? न सांगावं तर पुढच्या सोमवारी जव होते. मी काय शब्द वापरले ते मला आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो. आधी तिला समजलंच नाही. मग फळ्यांच्या फटीतून पलीकडं किसनचा बांधलेला हात दिसत होता, त्याच्याकडं तिनं पाहिलं, आणि समजलं.

"म्हंजी म्याच," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, अंगणात वाळूचा महादेव कर, त्याला मूठ वाहा. देव घेतो, भाव चुकला नाही तुझा. ती ऐकेना. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, जणू ते हातच तिला नको होते.

"आता मूठ न्हाई. माझ्या हातानं आता कायबी नगं. दान्याला हातच लावत न्हाई म्या."

शंभर बायकांना व्रतं सांगणारी मी! एका पोरीचा नवरा वाचवायला गेले आणि तिचं पाच वर्षांचं व्रत तिसऱ्या सोमवारीच मोडून बसले.

निघताना दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. ती गेल्यावर मला जाणवलं, की पलीकडची कानस कधीची थांबलेली होती.

* * *

चौथ्या सोमवारी मी इथल्या महादेवाला तिच्या नावानं जवाची मूठ वाहिली. दुसऱ्याच्या नावाची मूठ पोचते का, शास्त्रात काय आहे, मला ठाऊक नव्हतं. मी आपली वाहिली. दिवेलागणीला देवापुढं बसले ती वात संपेपर्यंत उठले नाही.

मंगळवारी दोघांनी दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलं. काम मात्र कुणी करत नव्हतं. म्हादूनाना यायची वेळ झाली आणि टळली. माझा स्वयंपाक झाला, झाकून ठेवला. ऊन कलायला लागलं तेव्हा चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला म्हादूनाना दारात उभा राहिला. काखेत घोंगड्याची गुंडाळी.

हे उभे राहिले. "किसन?"

"बरा हाय," म्हादूनाना म्हणाला. "वाघरू पडलं. पयला हुकला. टाक्याच्या हातानंच दस्ता वढला, दुसऱ्या बाराला पडलं, माळ्याच्या पायरीवर."

मी फळ्यांना कपाळ टेकवलं. हे म्हणाले, मग बंदूक कशाला आणलीस?

"अडकलीया."

ह्यांनी गुंडाळी सोडली. पट्टी सैल केली, बंदूक उपडी केली. खळ्ळकन आवाज झाला. मी फटीला डोळा लावला. चार दाणे नव्हते. कागदावर जवाचा ढीग पडला होता, मूठभर, भरगच्च मूठभर.

इतकं सांगून, इतकं रडून, पुन्हा? तिला कुणी अडवलं नाही का, असं ह्यांनी संतापून जोरात विचारलं.

म्हादूनाना शांतपणे उंबऱ्यावर टेकला. "तिनं न्हाई घातलं. तिनं सकाळधरनं दान्याला हात लावला न्हाई. किसननं घातलं."

"किसननं?"

"वाघरू पडल्यावर. खाली उतरला, तसाच घरात गेला, मडक्यातनं मूठभर जव घेतलं आन तिला समूर उभी करून बंदुकीच्या पोटात वतलं. म्हनला, चवथी र्‍हायली हुती."

इमामभाईंनी कागदाच्या कडा जपून वर घेतल्या, एक दाणा खाली पडला होता तोही उचलून आत ठेवला.

म्हादूनानानं पागोटं काढून घाम पुसला. मग आठवल्यासारखं करून तो फळ्यांकडं, म्हणजे माझ्याकडं, तोंड करून म्हणाला, "आन वैनी, त्यानं तुमास्नी इचारून याया सांगितलंय. औंदा श्रावनात पाच सोमवार हायती. पाचव्याला काय घालत्यात?"